संदर्भ दालनातल्या लाल टिकल्या

“टूं!” यंत्र वाजलं.

“लाव टिकली! आटपा, आटपा!”

मिरचीने पुस्तकाच्या पाठीवर लाल टिकली चिकटवली, ढापण्याने ते पुढे दिलं आणि ठोंब्याने ढिगावर ठेवलं. सुट्टीत मावशीकडे आलेली ही तीन भावंडं कॉलेजच्या ग्रंथालयात मदतीला आली होती. नव्या अभ्यासिकेला जागा हवी होती, म्हणून दहा वर्षांत कुणीही घरी न नेलेलं पुस्तक काढून टाकायचं ठरलं होतं. असं पुस्तक दिसलं की यंत्र वाजायचं. टूं वाजलं की टिकली, टिकली लागली की गठ्ठा आणि गठ्ठा थेट मागच्या दाराशी उभ्या ट्रकमध्ये! पुढे कारखान्यात त्याचा लगदा. यंत्र धरणाऱ्या सहायक ग्रंथपालांचं नाव मुलांनी पहिल्याच तासाला आटपाकाका ठेवून टाकलं होतं.

तळमजला संपवून सगळे वरच्या संदर्भ दालनात आले होते. टूं! टूं! टूं!

“इथे तर प्रत्येकालाच टूं!” ठोंब्या म्हणाला. “खाली एखाद्‌दुसरं वाजायचं.”

“बरंच आहे की! अख्खी खोली मोकळी होईल,” काका खूश होऊन म्हणाले. हमालांनी गठ्ठे खाली नेले आणि काका त्यांच्यामागे गेले.

मिरची मात्र स्वतःचे तळवे निरखत होती.

“ढापण्या, हात दाखव.”

“का? मी काही चोरलं नाही!”

“दाखव रे! खाली आपले हात काळेकुट्ट झाले होते, म्हणून धुऊन वर आलो. इथे कपाटंच्या कपाटं रिकामी केली, तरी स्वच्छ! कुणी उघडत नाही त्या पुस्तकावर धूळ नको?”

ढापण्याने राहिलेलं एक पुस्तक उघडलं. पानांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते. “हे तर सारखं कुणीतरी वाचतंय!”

“मग यंत्र थापा मारतंय?” ठोंब्याने विचारलं.

ढापण्याचं लक्ष दारावरच्या पाटीकडे गेलं. “येथील पुस्तके घरी नेता येणार नाहीत. कृपया इथेच बसून वाचावीत.”

तिघांची तोंडं उघडीच राहिली. घरी न्यायलाच बंदी! मग कुणी नेल्याचं यंत्राला कळणार कसं?

“मावशीचे नकाशे!” मिरची ओरडली.

खिडकीजवळचं टेबल मावशीचं. नदीने पात्र कसं बदललं याचा अभ्यास ती कित्येक वर्षं इथे बसून करत होती. त्या जुन्या नकाशांचे खंड दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयात नव्हते. आता कपाटातली त्यांची जागा रिकामी होती आणि टिकल्या मिरचीनेच लावल्या होत्या! मावशी आज नदीकाठी मोजणीला गेली होती. फोन लागत नव्हता.

तिघंही जिने उतरत धावत सुटली. मागच्या दाराशी ट्रक निम्मा भरला होता.

“काका, थांबवा! ती पुस्तकं लोक वाचतात!”

“यंत्र चुकत नाही. मध्ये लुडबुड नको!” काका हमालांकडे वळले. “टिकली बघून उचला रे. टिकली नसेल त्याला हात लावायचा नाही! आटपा!”

मिरचीचे डोळे चमकले.

“ठोंब्या, ग्रंथपालबाई प्राचार्यांकडे आहेत. पळ! ढापण्या, टिकल्या काढ!”

दोघं ढिगाआड वाकली. नखं दुखू लागली, बोटं चिकट झाली. हमाल मात्र भराभर गठ्ठे उचलत पुढे सरकत होते. नकाशांचे खंड त्यांच्यापासून हातभर अंतरावर! मिरचीने शेवटची टिकली ओरबाडली तोच हमाल खाली वाकला.

“साहेब, याला टिकली नाही हो. याला पण नाही!”

“असं कसं? सगळ्यांना लावल्यात!” काका तरातरा आले. त्यांना ढिगाआडचं डोकं दिसलं. “ए पोरी! काय चाललंय?”

“मी सांगते काय चाललंय ते!” मागून ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्यामागे ठोंब्या भात्यासारखा धापा टाकत होता.

“बघा, यांच्यावर धूळच नाही!” मिरचीने तळवे पुढे केले. बाईंनी पांढऱ्या रुमालाने एक खंड पुसला. रुमाल पांढराच राहिला.

“घरी नेऊ द्यायची नाहीत आणि कुणी नेली नाहीत म्हणून लगदा करायचा!” बाईंनी कपाळावर हात मारला. “माझ्याही डोक्यात आलं नाही हे. ट्रक रिकामा करा. या दालनातलं एकही पुस्तक जाणार नाही. जागा हवी तर खालच्या जादा प्रती काढू.”

संध्याकाळी मावशी दालनात आली. तिने ते खंड एकेक उघडून पाहिले, मग तिघांना जवळ ओढलं.

“टिकल्या लावतानाच मी बघायला हवं होतं गं मावशी,” मिरची पुटपुटली.

“सांगितलेलं काम सगळेच करतात,” बाई म्हणाल्या. “करता करता आपल्या हातांकडे तू बघितलंस. शाबास! तिघांनाही शाबास!”

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हमाल शेवटचा गठ्ठा वर आणत होते आणि आटपाकाका त्याला दोन्ही हातांनी आधार देत म्हणत होते, “सावकाश रे बाबांनो, सावकाश!”