फळीचं दुसरं टोक

लाइट गेली तशी पोरं गच्चीवर येऊन लोहारकाकांना चिकटून बसली.

"काका, भुताची सांगा. पण खरी हं!"

"खरीच सांगतो. खोटी रचायला डोकं लागतं, ते तुमच्या काकूनं कधीच खाऊन संपवलंय."

"ऐकू येतंय मला!" खालून काकू ओरडल्या. पोरं खिदळली. काका मात्र हसले नाहीत.

"माझ्या ओळखीतल्या एका सुताराची आहे. फेब्रुवारीतला शेवटचा सोमवार होता. वार लक्षात ठेवा."

त्या सोमवारी दिवेलागणीला सुतार काकांच्या दुकानात पहार मागायला आला.

"पहार कशाला रे?"

"फळी बसवायचीय."

"भारवडाची? एकट्यानं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

सुतारानं पहार खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला.

भारवड हे डोंगराच्या आतल्या अंगाला वाढणारं झाड. त्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर धोंड्यासारखं तळ गाठतं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पाण्यानं ते कुजत नाही, आग लागली तरी वरवर काळवंडतं, एवढंच. म्हणून कालव्याची दारं त्याची करायची, गिरणीच्या बैठका त्याच्या करायच्या. पण गुणाच्या पाठीला अवगुण लागलेलाच. करवतीचे दात बोथट होतात. खिळा ठोकावा तर तो वाकून परत येतो. गाडीत घातलं तर गाडीचा आस कुरकुरतो. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे हे लाकूड एकट्याचं नव्हेच. दुसऱ्या टोकाला माणूस लागतं.

सुताराच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको असे. बारीक चणीची, पण पकड सांडशीसारखी.

"धरलंस?" तो विचारी.

"धरलं!" ती म्हणे.

उत्तर आल्याशिवाय उचलायचं नाही, आणि उचलल्यावर नजर आपल्याच हातांवर ठेवायची, हा भारवडाचा नियम. नजर हलली की पाय चेचलाच म्हणून समजा.

बाई मोठी भाविक. दर सोमवारी तिचं मौन असे, ते मंगळवारचा सूर्य दिसल्यावरच सुटायचं. पण मौनाच्या नावाखाली काम टाळणारी ती नव्हती. सोमवारी ती "धरलं" म्हणायच्या ऐवजी लाकडावर दोनदा टकटक करी. अशाच एका सोमवारी करवतीनं तिच्या उजव्या करंगळीचं पेर नेलं, तरी बाईनं तोंड उघडलं नाही. मंगळवारी उजाडल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "अहो, तुमच्या भारवडाला बोट दिलंय. आता मनगट मागेल, तर नाही हं देणार!"

तिची एकच हौस होती. दारासमोर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला एक बाक असावा. तोही भारवडाचा. "आपण नसलो तरी तो असला पाहिजे," असं म्हणायची. दोन दगडी पाये तिनंच उभं राहून बसवून घेतले. फळीला रंधा मारून झाला, आणि साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

फळी अंगणात तशीच पडून राहिली. एकदा शेजारच्यांनी हात लावून पाहिला. त्यातल्या एकाचा अंगठा चेचला, तेव्हापासून कोणी फिरकलं नाही.

शहरातला मुलगा दर फोनला तेच म्हणे, "बाबा, घराला कुलूप घाला आणि इकडे या."

"फळी बसू दे, मग बघू."

दोन वर्षं हेच ऐकून मुलगा वैतागला. "त्या लाकडाला दुसरं माणूस लागतं, बाबा. आहे का तुमच्याकडे? मंगळवारी सकाळी येतोय मी. फळी बसलेली दिसली तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं."

सुतारानं फोन ठेवला. मुलगा चुकीचं काही बोलला नव्हता. म्हणून तर जास्त लागलं. ज्या घरात तिचा वावर होता, त्या घराला कुलूप घालायचं?

सोमवारी रात्री पावणेबारा वाजले होते. रस्ता सामसूम. ओसरीवरच्या बल्बचा उजेड फळीच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होता, पलीकडचं टोक अंधारात. पहारीनं रेटत, ओंडक्यांवरून सरकवत त्यानं फळी दगडी पायांपर्यंत आणली होती. आता फक्त उचलायची, गुडघ्याएवढीच. पण हे टोक उचललं की ते घसरे, ते सावरलं की हे. शेवटी तो मातीत बसला.

"नाही जमत गं," तो अंधाराला म्हणाला.

थोड्या वेळानं उठला. शेवटचं म्हणून आपलं टोक धरलं. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"धरलंस?"

स्वतःचाच आवाज ऐकून तो चपापला. दोन वर्षांत हा शब्द त्यानं उच्चारला नव्हता.

कोण बोलणार?

कुत्रंही भुंकत नव्हतं.

मग...

टक. टक.

पलीकडच्या टोकावरून.

मान वर करावीशी वाटली. केली नाही. नजर हातांवर.

सोमवार... आज सोमवार.

त्यानं उचललं.

फळी उठली. दोन्हीकडून. सारखी.

पलीकडे श्वास. दमलेल्या माणसाचा.

एक पाऊल. त्याचा पाय अडखळला. फळी थांबली. जागच्या जागी. त्याची वाट बघत...

पुन्हा एक पाऊल.

दगडावर लाकूड टेकलं.

त्यानं वर पाहिलं. अंधार. रिकामा रस्ता.

"दमलीस...?"

...

"बस ना जरा."

तो आपल्या टोकाला बसला. पलीकडे बघायचा धीर झाला नाही, आणि उठून आत जायचाही. रात्रभर तसाच बसून राहिला.

काका गच्चीच्या कठड्याला टेकले. पोरांतली सगळ्यात धाकटी हळूच म्हणाली, "मग उजाडल्यावर बोलली ती?"

"नाही गं बाळा. सूर्य वर आला. तो म्हणतो, कान देऊन बसलो होतो... कोणीच काही बोललं नाही."

पहिल्या एसटीतून मुलगा उतरला. बाक बघून रस्त्यातच थबकला.

"कोणी धरलं, बाबा?"

बापानं नुसतं पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. मुलाला ते पटेना. तो जाऊन उकिडवा बसला, फळीखाली हात घालून चाचपू लागला. हात एका जागी थांबला. तिथून निघेचना. मग त्यानं बॅग उचलली आणि घरात नेऊन ठेवली. सामानाचा विषय त्यानं आजतागायत काढलेला नाही.

"असं काय होतं खाली?" पोरांनी विचारलं.

"मी स्वतः हात घालून पाहिलंय," काका म्हणाले. "ज्या लाकडात खिळा शिरत नाही ना, त्यात बोटं रुतलीत. ओल्या मातीत रुतावीत तशी. दोन्ही हातांची."

लाइट आली. कोणी जागचं हललं नाही.

"उजव्या हाताची करंगळी... तेवढी आखूड आहे."