न चुकलेली एकादशी

टप्.

फिल्टरमधून डिकाक्शनचा थेंब पितळी भांड्यात पडला, आणि दारात उभी असलेली बाई बोलली.

"माझे सासरे गेले. सुतक आहे, आत येत नाही. पण रोजच्या पायरीवरून ते घसरून पडले नाहीत, राघोत्तमराव. त्यांना कोणी तरी मारलं."

सीतालक्ष्मी शाळेत शिकवायची. तिच्या पदराला धरून सहा वर्षांची सरोजा उभी होती. एक वेणी घातलेली, दुसरी तशीच सुटी. कुणाला तरी मध्येच धावत जावं लागलं होतं.

राघोत्तम पूर्वी मद्रासच्या कोर्टात दुभाषी होते. आता खासगी तपास करत. कपाळावर अक्षतेचा, म्हणजे हळदीच्या लेपाचा, तांबूस ठिपका टेकवून ते उठले. कॉफी तशीच राहिली.

वाटेत त्यांचे सोबती दत्ताजी हळूच म्हणाले, "काल हा ठिपका नव्हता."

"काल एकादशी होती. एकादशीला आम्ही माध्व वैष्णव अक्षता लावत नाही. तुम्ही मात्र काल हॉटेलात वडे खात होता."

"दोनच खाल्ले!"

मद्रासमधल्या तिरुवल्लीकेणीतल्या त्या गल्लीत तंजावरहून आलेली मराठी घरं. त्यांच्या मधोमध कीर्तनशाळा. ज्याने जागा दिली, त्याने दानपत्रात लिहून ठेवलं होतं: दर एकादशीला इथे कीर्तन व्हावं, एक जरी चुकली, तर जागा माझ्या वंशजांकडे परत जावी. ऐंशी वर्षांत एकही चुकली नव्हती. आता वंशज कृष्णाजीला तिथे सिनेमाचं थिएटर हवं होतं. ती वाचवायला गल्लीने समिती काढून पाचशे सह्या जमवल्या होत्या आणि काल संध्याकाळी सगळी गल्ली मोर्चा घेऊन कॉर्पोरेशनवर गेली होती.

सीतालक्ष्मीचे सासरे, कीर्तनकार व्यंकोजीबुवा, व्यासपीठाच्या दगडी पायरीशी पडले होते. अंगावर रेशमी धोतर, गळ्यात तुळशीचा हार. डोक्यामागे काळं पडलेलं रक्त.

राघोत्तम गुडघ्यावर बसले. कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, तिच्यावर अंगाऱ्याची काळी, खाली अक्षतेचा ठिपका. पुसट, पण जागच्या जागी. मग त्यांनी वर पाहिलं. छताच्या वाशांवर वाळवीच्या मातीच्या रेघा धावत होत्या.

"पहाटे चारला दिवा लावायला आले," सीतालक्ष्मी म्हणाली. "हात धरला, तर लाकूड झाला होता."

"आजानं मला इथं खेळायचं नाही म्हटलं होतं," सरोजा मध्येच म्हणाली. "छत पडेल म्हणे."

"गप, कण्णा," आईने लाडाने म्हणत तिला जवळ घेतलं.

सीतालक्ष्मीचा नवरा व्यासराज खांबाला टेकून होता. बुवांचा एकुलता एक मुलगा, बचाव समितीचा अध्यक्ष.

"एकादशीला अप्पांचं स्नानापासून सूर्यास्तापर्यंत मौन," तो म्हणाला. "इथल्याच आतल्या खोलीत, दार लावून. मीच तेवढा तीर्थ नेऊन देतो. सहाला त्यांनी कीर्तन आरंभलं. चिपळ्या त्यांच्या हातात, मी मृदंगावर. साताला आरती झाली. म्हणाले, तू जा, मी बसतो थोडा वेळ."

"मोर्चाला अध्यक्षच नव्हते?"

"कीर्तन चुकवून मोर्चा कशासाठी काढायचा, सांगा!"

समोरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. शेजाऱ्यांत मोर्चाला न गेलेल्या त्या एकट्याच. त्यांना दिसत नसे.

"डोळे गेले, कान नाहीं गेले," त्या म्हणाल्या. "ऐकिलें की सगळें! काल बुवांचा गळा काय लागला होता! उपासानें वय उतरलें जणूं. चिपळ्या आणि गाणें, इतकेंच. एरवीं त्या धडधडीत निम्मे शब्द बुडतात. काल एक अक्षर नाहीं हरवलें."

"पाहिलं कोणी?" दत्ताजींनी विचारलं.

"मला विचारतोस, बाबा?"

दत्ताजी वरमले.

कृष्णाजी आपल्या घराच्या दारातच भडकला. "मी मारीन? कशाला? कीर्तन झालं, एकादशी साजरी झाली. माझ्या हाती काय आलं? आणि ऐका, परवा बुवा स्वतः माझ्याकडे आले होते. म्हणाले, 'वासे खाल्लेत. खाली गल्लीतली पोरं मांडी घालून बसतात. या एकादशीला मी उभा राहणार नाही. जागा तू घे, पण ते छप्पर आधी उतरव.' हे त्यांच्या हातचं पत्र."

परतताना दत्ताजी म्हणाले, "मत बदललं असेल बुवांचं."

"कुणी तरी बदलायला गेलं असेल," राघोत्तम म्हणाले.

दुपारी त्यांनी सगळ्यांना कीर्तनशाळेत बोलावलं. सरोजाला अन्नपूर्णाबाईंकडे पाठवलं होतं.

"बुवा काल रात्री गेले नाहीत," राघोत्तमांनी सुरुवात केली. "ते काल पहाटेच गेले, आंघोळीच्या आधी. त्यांच्या कपाळावर अक्षता आहे. एकादशीचं स्नान करून आमच्याच पंथाचा हा माणूस अक्षता लावणार नाही. तो ठिपका दशमीचा."

"आज पहाटेचा असेल तर? आज द्वादशी," दत्ताजी म्हणाले.

"चारला अंग लाकूड झालं होतं. आज त्यांना आंघोळ घडलीच नाही."

"मग संध्याकाळी गायलं कोण?"

"ज्याचा गळा बापासारखा, पण तरुण आहे, तो. बाईंनी चिपळ्या ऐकल्या, मृदंग ऐकला नाही. चिपळ्या वाजवीत गाणारा एकटाच असेल, तर मृदंगाला हात उरत नाहीत. कृष्णाजीला एकादशी चुकायला हवी होती. मारणाऱ्याला ती व्हायला हवी होती. आणि दिवसभर त्या खोलीचं दार एकच माणूस उघडत होता."

सीतालक्ष्मी नवऱ्याकडे पाहत राहिली. व्यासराजने मान वर केली नाही.

"पहाटे आंघोळीला घागर घेऊन निघाले होते," तो म्हणाला. "सांगत होते, आज कीर्तन नाही. ऐंशी वर्षं, अप्पा! पाचशे सह्या! मी हात धरला. त्यांनी सोडवला. मी... ढकललं. पायरी लागली."

त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

"आत नेऊन ठेवलं. संध्याकाळी बाहेर उभा राहून गायलो. आत ते होते. रात्री धोतर नेसवलं, हार घातला, सगळं पाठीमागून. तोंडाकडे नाही पाहिलं मी. पाहिलं असतं, तर ठिपका दिसला असता."

"सुतकातलं कीर्तन धरत नाहीत. म्हणजे एकादशी चुकली," कृष्णाजी हळू म्हणाला. पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

"शोधायला मीच सांगितलं तुम्हाला," सीतालक्ष्मी राघोत्तमांना म्हणाली. एवढंच.

पोलीस आले. व्यासराज त्यांच्यामागून निघाला. उंबऱ्यापाशी थबकला, सवयीने वाकून त्याला हात लावला, आणि गेला.

सरोजा केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नाही. सीतालक्ष्मीने तिला पुढ्यात बसवलं आणि सकाळची सुटी वेणी घालायला घेतली. तीन पेड एकात एक बसेनात. वर वाशातून मातीची बारीक कणी गळली. तिने लेकीचं डोकं पदराखाली ओढून घेतलं.

पदराआडून आवाज आला, "आई, आजा नाही, बाबाही गेले. आता पुढच्या एकादशीला कीर्तन कोण करणार?"