वरच्या खोलीचं वजन

आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर होतं आणि वरचं कुटुंब सतत खुर्च्या सरकवायचं. लग्नानंतरची सगळी वर्षं आम्ही छताकडे बघत जेवलो. त्यामुळे शहराबाहेर जागा घेऊन स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधायचं ठरलं, तेव्हा बायकोची अट एकच होती.

"माझ्या डोक्यावर कोणी चालता कामा नये."

"आपलंच घर. वर कोण चालणार?"

"तू. म्हणून सगळ्यात वरची खोली माझी."

मी आराखड्यात तळमजला आणि त्यावर एक मजला काढला होता. तिला त्याच्याही वर आणखी एक हवा होता, एकाच खोलीचा, पश्चिमेला रुंद खिडकी असलेला. इमारतींवर किती भार येईल हे मोजणं माझं पोटापाण्याचं काम. लोकांची कपाटं, पाण्याच्या टाक्या, लग्नाला जमणारे पाहुणे, सगळं मी आकड्यांत बसवतो. घरात मात्र माझं गणित चालत नाही. मी खालचे खांब जाड केले आणि तो मजला चढवला.

मग ती त्या खोलीत राहायलाच लागली म्हणा ना. भांडी विसळता विसळता मध्येच थांबायची. "खिडकीशी आरामखुर्ची," म्हणायची. "आतल्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, चांगलं दणकट. मधे काही नको. येरझाऱ्या घालायला मोकळं." नळ वाहत असायचा आणि तिचं लक्ष नसायचं. मी नळ बंद करायचो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं काम करायचो. तिसरा म्हणजे सुतार, माझ्या मावसभावाच्या ओळखीचा. गप्प माणूस, पण हात सरळ. त्याच्या मदतीने हळूहळू सांगाडा उभा राहिला. सगळ्यात वरच्या खोलीच्या जमिनीखालच्या तुळया बसल्या, त्या दिवशी आभाळ राखेसारखं होतं. तुळयांवर अजून फळ्या ठोकलेल्या नव्हत्या. खालून बघितलं की त्यांच्या मधून ढग दिसायचे.

पुढच्या खेपेला सुताराने एका तुळईखाली दोरी ताणली आणि बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, ही लवलीय."

मी बघितलं. मधे बोटभर झोळ होता.

"लाकूड ओलं असेल."

"मीच वाळवलंय."

आम्ही ती बदलली. नवीही लवली. मग सगळ्याच तपासल्या. खिडकी येणार होती तिकडच्या थोड्या वाकल्या होत्या, आतल्या भिंतीकडच्या जास्त, आणि मधल्या सरळ होत्या. त्या संध्याकाळी घरी मी उलटं गणित केलं: एवढा बाक यायला वर किती वजन हवं? उत्तर आलं, एक भरलेलं कपाट आणि खिडकीशी बसलेलं एक माणूस. मी कागद फाडून टाकला. बायकोला काही सांगितलं नाही.

ती त्या दिवसांत नीट जेवत होती, हसत होती. फक्त बाजारातून येताना वारा सुटला की माझा दंड घट्ट धरायची. पूर्वी अशी धरत नसे. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

नंतरच्या सुट्टीला दुपारी सुताराने मला मधल्या मजल्यावर बोलावलं. तो शिडीवर चढून वरच्या तुळईला तळहात लावून उभा होता.

"हात लावा."

मी दुसऱ्या शिडीवर चढलो. वारा पडला होता. हाताखाली लाकूड किंचित दबलं आणि पुन्हा वर आलं. मग शेजारची तुळई दबली. मग तिच्या पुढची. खिडकीकडून भिंतीकडे. थोडं थांबून, भिंतीकडून खिडकीकडे.

वर फक्त ढग होते.

मी खाली अंगणात बघितलं. बायको फळ्यांच्या ढिगावर चहाचा कप धरून बसली होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं समाधान मी त्या भाड्याच्या घरात कधी बघितलं नव्हतं.

"उतरवू या," मी हळूच म्हणालो. "हा मजला नकोच."

सुताराने मान हलवली. खिडकीजवळच्या तुळईची खुंटी त्याने ठोकून सैल केली आणि तुळई खांद्याने उचलली.

खाली कप फुटला.

ती गुडघ्यांवर बसली होती. एक हात बरगड्यांवर. ओठ पांढरे पडलेले. मी शिडीवरून जवळजवळ पडतच उतरलो.

"काय झालं?"

"काही नाही. एकदम पोकळ वाटलं." तिला श्वास पुरत नव्हता. "त्याला म्हणावं, राहू दे ते."

मी वर बघितलं. मी बोलायच्या आधीच सुतार खुंटी परत ठोकत होता. प्रत्येक ठोक्यासरशी तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग येत गेला.

मग त्याने हत्यारं पेटीत भरली. "वहिनींना घरी न्या," एवढंच बोलला. तिच्याकडे बघितलंही नाही.

"इथेच थांबू या का?" ती म्हणाली.

"इथे अजून दारंसुद्धा नाहीत."

ती नाइलाजाने आली. मी गाडी सुरू केली. ती शेजारी बसून काचेतून मागे, वर बघत होती. बराच रस्ता गेल्यावर माझ्या लक्षात आलं, तिने पट्टा लावलेला नाही. आमची गाडी या बाबतीत फार कटकटी आहे. शेजारच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं की टुंग टुंग सुरू करते. भाजीची पिशवी ठेवली तरी करते.

मी कान देऊन ऐकलं. नुसता इंजिनाचा आवाज होता.