काचेवरची कोरडी जागा

वाफ गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं. ते कुठे आणि किती होईल, हे संगणकावर आधी मांडून बघायचं, हे माझं काम. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी ते वणीच्या घरी बसून करते. सासूबाईंच्या लेखी सून दिवसभर पडद्यावर रंगीत ढग बघत बसते.

गणिताची नवी पद्धत मोठ्या यंत्रासाठी वापरण्याआधी मी ती साध्या जागेवर तपासते. या वेळी आमचं स्वयंपाकघरच मांडलं. ओट्यावर उकळता चहा, समोर खिडकीची काच, बाहेर डिसेंबरची पहाट. काच मी उगाच निवडली नव्हती. माझा नवरा, अनिमेष, राजूरच्या खाणीवर जायचा. गल्लीत खाणीची बस आली का हे बघायला तो रोज वाफाळलेल्या काचेवर तळहात दाबून धरायचा.

"कपड्यानं पुस ना," मी म्हणायचे.

"कपडा कायले पाह्यजे? हात हाय न."

मग त्या हाताएवढ्या जागेतून बाहेर बघत तो चहा संपवायचा. गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला.

संध्याकाळी गणित पूर्ण झालं. पडद्यावरच्या काचेवर सगळीकडे थेंब धरले होते, मधली एक जागा मात्र कोरडी. मी ती मोठी करून पाहिली. पाच बोटं. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी... लहानपणी चिंचेवरून पडल्यापासून अनिमेषची होती तशी.

मी हात मांडलाच नव्हता. काचेचं तापमान सगळीकडे सारखं दिलं होतं. पुन्हा चालवून पाहिलं, हात तिथेच. मग उलटं गणित केलं: तेवढी जागा कोरडी राहायला मागे किती ऊब हवी? उत्तर आलं, माणसाच्या अंगाइतकी. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. पडद्याला हात लावून मी किती वेळ बसले कोण जाणे.

निकाल नेहमीप्रमाणे कंपनीतल्या शीला मॅडमकडेही गेले होते. सकाळी त्यांचा फोन आला.

"भैरवी, तो डाग म्हणजे चूक आहे. काढ आणि दुपारपर्यंत पाठव."

"राहू दिला तर...?"

"मग हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

घर आता माझ्याच पगारावर चालतं. काचेच्या कणाकणावर थेंब धरलाच पाहिजे, अशी मी गणितावर सक्ती केली. आधी करंगळी बुजली, मग तळवा. मी ते पाठवून दिलं आणि टेबलावर डोकं टेकून रडले. त्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहा ठेवला. आल्याचा आणि चहाचा वास घरभर पसरला. काच गच्च वाफाळली होती, कुठेही मोकळी जागा नव्हती. मी अनिमेषसारखाच तळहात दाबून धरला. काच बर्फासारखी गार होती.

"मले तू पाह्यजे रे..." मी म्हणाले.

हाताखाली हळूहळू ऊब आली. ती माझी नव्हती. काचेच्या पलीकडून येत होती.

"काहून रडून राह्यली वो?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

मी दचकून हात काढला. माझी सगळी बोटं सरळ आहेत. काचेवर उमटलेल्या हाताची करंगळी वाकडी होती.

सासूबाई जवळ आल्या. बराच वेळ काचेकडे बघत राहिल्या. पुसायला म्हणून मी पदर उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे वो..." त्या अगदी हळू म्हणाल्या. "त्याले बस दिसली पाह्यजे."