येतो म्हणाला होता

ऑपरेशन यशस्वी झालं का, एवढंच विचारायला तुम्ही आलात ना ताई? तुमच्या मालकांचाही किडनीसाठी नंबर लागलाय म्हणता. बसा त्या खुर्चीवर, पंख्याखाली. पाणी नको म्हणालात, असू दे. तांब्या भरून ठेवलाय, लागलं तर घ्या. दाराला मी कडी लावते. भर दुपारी आमचं दार बंदच असतं, शेजाऱ्यांना आता सवय झालीय.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही.

माझा नवरा सिद्धांत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचा. मी इथंच, भवानी पेठेतल्या या खोलीत काज-बटण करते. आमच्या घरात ना देव, ना भूत. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते. डायलिसिसनं त्याचं चिपाड झालं होतं. घोट घोट मोजून पाणी द्यायचं, आणि तो तांब्याकडं बघत पडून राहायचा. मग मंद्रूप गावच्या एका पोराची किडनी मिळाली. पृथ्वीराज त्याचं नाव. मोटरसायकलवरून पडला, मेंदू गेला, आईनं अवयव द्यायला होकार दिला. असलं नाव सांगायचं नसतं म्हणे, पण पेपरात फोटोसकट छापून आलं, मग लपतंय कुठं?

डॉक्टरांनी समजावलं होतं, "शरीराला नवी किडनी परकी वाटते. ते तिच्याशी भांडतं. या गोळ्या ते भांडण दाबून ठेवतात. गोळ्या थांबल्या की किडनी गेली." मी त्या गोळ्या तळहातावर जपल्या. सिद्धांतनं पहिल्यांदा अख्खा तांब्या तोंडाला लावला, तेव्हा मी मोरीत जाऊन रडले.

उन्हाळा लागला तसं त्याच्या मनानं घेतलं, त्या माउलीला भेटायचं. हॉस्पिटलातल्या बाई नको म्हणाल्या. मीही म्हटलं, "उपकार मनात ठेव की." ऐकेल तर नवरा कसला! एक लुगडं घेतलं, पेढे घेतले आणि निघालो.

मंद्रूपला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पत्र्याचं घर, पत्रा उन्हानं तडतडत होता. आत अंधार आणि आवळ्याच्या तेलाचा वास, पोरं केसाला चोपडतात तसला. भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि फोटोखाली त्याची आई, बजाबाई. वाळकी, ताठ. लुगड्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"कुटं हाय?" तिनं विचारलं.

सिद्धांतनं शर्ट वर करून ओटीपोटाच्या उजवीकडचा तिरपा वण दाखवला. तिनं त्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. पत्र्याची तडतड थांबली. ऊन तेवढंच होतं ताई, पण तडतड थांबली.

"लई घामाघूम झालंय गं माजं लेकरू," ती म्हणाली. "किती लांबनं आलंय."

मला तिथं बसवेना. मी सिद्धांतला उठवलं. आम्ही निघताना 'जय भीम' म्हणतो. पण परक्याचं घर, मराठ्यांचं, त्यात एवढं मोठं दान घेतलेलं. त्याची जीभ अडखळली आणि भलतंच बोलून गेली, "येतो, आई."

मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पोरासोरांनासुद्धा ठाऊक असतं, गुपचूप उठायचं. मी त्याला चिमटा काढला, पण शब्द सुटला होता.

बजाबाईनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"ये," ती म्हणाली. "दार उगडंच ठिवते."

त्यानंतर त्याचे पाय सुजायला लागले. लघवी कमी झाली. रक्ताचा रिपोर्ट दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट. डॉक्टरांनी सुई घालून किडनीचा तुकडा काढला, तपासला. "किडनी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मग काम का करत नाही?" मी विचारलं. त्यांनी त्याच तपासण्या पुन्हा लिहून दिल्या.

एका दुपारी कारखान्यातून फोन आला. सिद्धांत कात्री टाकून उठला होता, चपलाही न घालता गेला होता. कुठं गेला ते मला विचारावं लागलं नाही. मंद्रूपच्या ओट्यावर बसून तो भाकरी खात होता. तसाच ओढत हॉस्पिटलात नेला, तर रिपोर्ट चोख! घरी आणला की पुन्हा सूज. पुन्हा पळाला, पुन्हा चोख. असं किती वेळा झालं.

तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, डोळ्यांसमोर मरण्यापेक्षा दुसरीच्या दारात जगलेला बरा. गोळ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि मीच त्याला तिथं नेऊन सोडला. बजाबाई दारातच होती.

"आता कसं," ती म्हणाली, "घरचं घरात."

मी भेटायला जायची. तो दर खेपेला कमी बोलायचा. मग एकदा खुंटीला पिशवी दिसली, मी बांधली होती तशीच गाठ. आत एकही गोळी फोडलेली नव्हती.

"अहो, गोळ्या नाही दिल्या? मरेल तो!"

"कोन मरंल?" बजाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. "भांडन दाबायच्या गोळ्या न्हवं त्या? मिटलं की भांडन."

"कसं मिटलं...?"

"परकं हुतं त्ये निगून गेलं."

मी ओट्यावर धावले. तो पाठमोरा बसला होता. केसांना तेल चोपडलेलं, तोच आवळ्याचा वास. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि काही सुचेना म्हणून म्हटलं, "जय भीम."

त्यानं मान वर केली. अनोळखी बाईकडं बघावं तसं अदबीनं बघितलं.

"रामराम वहिनी," तो म्हणाला. "कुनाकडं आलाय?"

ताई, मला राग आला. एवढ्या वर्षांचा संसार! मी त्याचा शर्ट फराफरा वर ओढला, त्याला त्याचा वण दाखवायला. तिरपा वण नव्हताच. छातीपासून ओटीपोटापर्यंत सरळ उभी शिवण होती, गोणीचं तोंड शिवतात तशी, मोठ्या टाक्यांची. दोरा अजून आतच. अवयव काढून घेतल्यावर मयताला घालतात ती शिवण. आणि त्या शिवणीखाली पोट शांतपणे वरखाली होत होतं.

"पिरथ्या," आतून हाक आली, "भाकर निवतीया रं."

"आलो आई," म्हणून तो आत गेला. मी काही न बोलता निघाले. मयताच्या घरातून निघावं तशी.

म्हणून म्हणते, ऑपरेशन यशस्वी झालं. किडनी अजून उत्तम चालते, डॉक्टर तर बाकीच्या पेशंटना त्याचं उदाहरण देतात.

आणि जे परकं निघून गेलं ते? ते कुठं जाणार? भर दुपारी येतं इथं. त्या दारापाशी उभं राहतं आणि विचारतं, "तेजू, येऊ का?" सिद्धांतचाच आवाज, डायलिसिसच्या दिवसांतला, तहानेनं कोरडा पडलेला. तेजू मला दुसरं कुणी म्हणत नाही. मी पदर तोंडात कोंबते आणि गप्प बसते. रडते, पण गप्प बसते. 'ये' म्हटलं की काय होतं ते मी मंद्रूपला पाहिलंय, आणि माझं अंग मला हवंय. चांडाळीण म्हणा हवं तर.

ऐका... आला. हलू नका. विचारून विचारून जाईल आपला. नुसतं बसून राहा, ओठ मिटून...

ताई!

'या की' म्हणालात? दारातून कुणी 'येऊ का' विचारलं की आपल्या तोंडून निघतंच ते, मला कळतंय... पण मी सांगत होते ना तुम्हाला...

असू दे. कडी तर लावलेलीच आहे. कुणी आलेलं नाही. बघा, कुणीसुद्धा आलेलं नाही.

ताई... हळू प्या. पाणी नको होतं ना तुम्हाला? ठसका लागेल, हळू... अहो, ठेवा तो तांब्या खाली. रिकामा झालाय कधीचा.