अस्सल आहे, तक्रार मागे घ्या

बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा कुरिअरचं ऑफिस फक्त तीन चौक लांब होतं. मागच्या सीटवर एकवीस डबे, आणि आत ग्राहकांनी मागवलेले पार्ट. रस्त्याच्या कडेला एक गॅरेज दिसलं, म्हणून दादाची ती म्हातारी गाडी कशीबशी त्याच्या दारात नेऊन उभी केली.

एक उंच माणूस हात पुसत बाहेर आला. त्याने बॉनेट उघडलं, वाकला, आणि कान देऊन ऐकलं. डॉक्टर छाती तपासतात ना, अगदी तसं.

“वॉटर पंप गेलाय. किती दिवस गळतोय?”

“मला तर आजच कळलं.”

“तुम्हाला आज कळलं. तो बिचारा महिनाभर सांगत असेल.”

त्याचे डोळे हसरे होते. मी ते पाहिलं… आणि पाहिलं म्हणून घाईघाईने दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात त्याची नजर मागच्या सीटवर गेली. डब्यांवर हिरवं स्टिकर होतं, आमच्या दुकानाचं. त्याचं हसू तिथेच आटलं.

“एक सांगू? हा सगळा माल परत करा. ‘अस्सल पार्ट, तीस टक्के सूट’ असं लिहितात आणि नकली गळ्यात मारतात. चोर आहेत, चोर.”

“ते दुकान माझं आहे,” मी म्हणाले.

“काय?” मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.

“ते दुकान माझं आहे.”

त्याने जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. “आता बोला.”

“चोर मी आहे. आणि महिन्यापूर्वी आम्हाला एक स्टार देऊन ‘नकली माल, फसवणूक’ असं लिहिणारे… ते तुम्हीच का?”

“पंपाची तक्रार? हो. मीच.” त्याने मान जराही खाली घातली नाही. “व्हिडिओही टाकलाय. चारशे गॅरेजवाल्यांनी पाहिला.”

माझा आवाज मुळातच लहान आहे. घरी कोणी मला ओरडताना ऐकलेलं नाही. पण राग मला येतो. आला की तो पायांपासून चढतो आणि घशाशी येऊन थांबतो, आणि मग मी अगदी हळू बोलते. तशीच बोलायला लागले. आतल्या बाजूला कोणाचं तरी ग्राइंडर चालू होतं. त्याने हात करून ते थांबवायला लावलं. रेडिओ चालू होता, तोही बंद केला. माझी बोलणी नीट ऐकू यावीत म्हणून एक माणूस सगळं गॅरेज गप्प करत होता, आणि याचा मला आणखीच राग आला.

त्याला सांगितलं ते असं. आमचं दुकान ज्या वेबसाइटवर आहे, तिने नोटीस धाडली होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ही तक्रार मिटली नाही तर दुकान कायमचं बंद. नकली मालाच्या आरोपाला दुसरी संधी नसते. दादाची नोकरी सुटल्यापासून आमचं घर त्या दुकानावर चालतं. वहिनी आणि मी, दोघी मिळून दोन खोल्यांत ते सांभाळतो. तक्रार करणाऱ्याला आम्ही सात निरोप धाडले, त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. आणि आज मंगळवार होता.

“चोरांना उत्तर कशाला द्यायचं?” तो म्हणाला, आणि आतून एक पंप घेऊन आला. “हे बघा. इथे.”

पंपाच्या अंगावर नखाएवढी जागा घासून चकचकीत केलेली होती.

“इथे गाडीच्या कंपनीचा छाप असतो. तो घासून कोण काढतं? नकली माल विकणारा.”

“छाप कारखान्यानेच घासलाय,” मी म्हणाले. “गाडीची कंपनी पंप बनवत नाही. बनवतो कारखाना. कंपनीच्या डब्यात भरला की छाप राहतो. कारखाना तोच पंप स्वतःच्या डब्यात विकतो तेव्हा छाप काढावा लागतो, तसा त्यांचा करार असतो. साचा तोच, धातू तोच, कामगार तेच. फक्त छाप नाही, म्हणून स्वस्त.”

“हे तुमच्या दुकानाच्या पानावर लिहिलंय?”

मी पंप उलटा करून पाहिला.

“लिहिलंय का?”

लिहिलेलं नव्हतं. दादा म्हणाला होता, ‘घासलंय’ हा शब्द वाचून गिऱ्हाईक पळेल. मी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त खरं लिहायचं टाळलं होतं. त्या माणसाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

“माझ्या गाडीत पंप बसवा,” मी विषय बदलला. “मागच्या सीटवर आहे. त्याच मॉडेलचा.”

“माझ्या हाताने? तुमचा? कधीच नाही. कंपनीच्या काउंटरवरून मागवतो. गुरुवारी येईल. तोवर गाडी इथेच राहील.”

एकवीस डबे रिक्षात घालून मी कुरिअरला गेले. घरी गेल्यावर दादाला न विचारता प्रत्येक पार्टच्या पानावर घासलेल्या जागेचा फोटो टाकला, आणि ती का घासलेली आहे तेही लिहिलं. त्या माणसाचं ऐकून नव्हे. स्वतःची लाज वाटली म्हणून.

“भेटला का गं आपला एक-स्टार?” वहिनीने विचारलं. “दिसायला कसा आहे?”

“मी काय दिसणं बघायला गेले होते?”

“म्हणजे बरा आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या नामस्मरणाला बसले, आणि मनात देवाच्या नावाऐवजी त्याचंच वाक्य फिरत राहिलं, ‘चोरांना उत्तर कशाला द्यायचं?’ तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या माणसाने माझी पहाटसुद्धा नासवली होती.

बुधवारी कारखान्याचं पत्र घेऊन गेले. त्याने ते उलटंसुलटं वाचलं.

“कागद काय, कोणीही छापेल.”

“तुमचा कोणावरच विश्वास नाही का?”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. गॅरेजच्या कोपऱ्यात, बिलांच्या टेबलामागे, त्याची मोठी बहीण बसली होती. शेजारी भिंतीला काठी टेकवलेली.

“दोन वर्षांपूर्वी ताईच्या गाडीत ब्रेक पॅड बसवले. ऑनलाइन घेतलेले. डब्यावर ‘अस्सल’, सीलसुद्धा पक्कं. उतारावर ब्रेकच लागले नाहीत.” तो माझ्याकडे पाहत नव्हता. “पॅड मी बसवले होते. ह्या हातांनी.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण राग काही जागचा हलला नाही.

“तुमच्या ताईंसाठी मी मनापासून प्रार्थना करीन,” मी म्हणाले. “पण ते पॅड मी विकले नव्हते. कोणा दुसऱ्याच्या पापाची शिक्षा माझ्या घराला का?”

कोपऱ्यातून ताई म्हणाली, “बरोबर बोलतेय रे ती. तिला चहा तरी दे.”

“चहा नको. तक्रार मागे हवीये.”

“कंपनीचा पंप येऊ दे,” तो म्हणाला. “शेजारी ठेवून बघतो. तुमचा तसाच निघाला तर त्याच क्षणी मागे घेतो. शब्द देतो.”

गुरुवारी गेले. “नाही आला अजून,” तो म्हणाला, आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली. शुक्रवारी गेले. “आज येईल, संध्याकाळपर्यंत.” मी बसून राहिले. त्या दिवशी तो फार बोलला. पहिलं इंजिन उघडलं तेव्हा उरलेले चार स्क्रू कुठे लपवले, ते सांगितलं. मी दोनदा हसले. हसल्यावर स्वतःचाच राग आला, की घर बुडायला आलंय आणि आपण स्क्रूच्या गोष्टीवर हसतोय. निघताना त्याने विचारलं, “उद्याही याल ना?”

“न येऊन सांगते कोणाला?”

तेव्हा तो खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, लाजला.

शनिवारी दुपारी बाराला गेले तेव्हा तो कोणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीकडे गेला होता. ताई एकटीच होती. मी म्हणाले, “आज तरी पंप आला का हो?”

“कुठला पंप?”

“कंपनीचा. माझ्या गाडीचा.”

“अगं, तो तर गुरुवारीच आला! सकाळी सकाळी. ह्याने दोन्ही पंप कापून बघितले मधोमध. नवा कोरा पंप कापला, मी म्हटलं वेड लागलं का…” माझा चेहरा बघून ती थांबली. “तुला सांगितलं नाही त्याने?”

तिने टेबलाखालचं खोकं काढून दिलं. आत चार अर्धुकं होती. बेअरिंग तेच, सील तेच, धातूवर उठलेले आकडेही तेच. फरक एवढाच, एका तुकड्यावर छाप होता आणि दुसऱ्यावर नखाएवढी चकचकीत जागा.

तो परत आला तेव्हा ते चार तुकडे मी टेबलावर मांडून ठेवले होते.

गॅरेजात शांतता होती. या वेळी काही बंद करायची गरज नव्हती.

“गुरुवारी,” मी म्हणाले.

“हो.”

“शब्द दिला होतात. त्याच क्षणी म्हणाला होतात.”

“हो.”

“माझी वहिनी दोन रात्री झोपलेली नाही. दादा जुन्या ऑफिसात जाऊन परत नोकरी मागून आला, त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. आणि तुम्ही मला खुर्च्या पुसून देत होतात? का?”

“कारण…” त्याचे कान लाल झाले होते. “तक्रार मिटली असती तर तुम्ही आला नसता.”

आयुष्यात कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. वाचलंय, ऐकलंय, की अशा वेळी काहीतरी फुलतं म्हणे. माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

“म्हणजे माझं घर तुम्ही टांगणीला लावलंत? मी यावं म्हणून? नुसतं ‘या’ म्हणता येत नव्हतं?”

“चोर म्हटलं होतं ना मी. त्यानंतर ‘या’ कसं म्हणणार?”

“पहिल्यांदा नकळत चुकलात. दुसऱ्यांदा कळून सवरून. पहिलं मी सोडून दिलं असतं.”

“काय करू सांगा.”

“व्हिडिओ टाकला होतात ना चारशे लोकांसमोर? आता दुसरा टाका. इथे उभे राहून. मी काढते.”

त्याचा चेहरा उतरला. नकली माल ओळखणारा म्हणून त्याचं नाव होतं. लांबलांबचे मेकॅनिक त्याला फोटो धाडून विचारायचे. ते सगळं पणाला लागणार होतं, हे मलाही कळत होतं. मी फोन वर धरला.

“मागच्या महिन्यात या पंपाला मी नकली म्हटलं. तो अस्सल आहे. हे दोन्ही कापून बघा. मी चुकलो.” तो थांबला. “झालं?”

“गुरुवारचं राहिलं.”

“तेही सांगू?”

“तेही.”

त्याने श्वास घेतला. कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला. “हे मला गुरुवारीच कळलं होतं. तरी मी दोन दिवस गप्प बसलो. दुकानदार बाई रोज भांडायला येतात… त्या यायच्या थांबतील म्हणून. हे माझ्या पहिल्या चुकीपेक्षा वाईट आहे.”

कोपऱ्यात ताईला ठसका लागला, की ती हसली, कोण जाणे.

“तेवढं कापायचं का?” त्याने विचारलं.

“खरं आहे ना?”

“खरं आहे.”

“मग राहू द्या.”

व्हिडिओ त्याने लगेच टाकला, आणि तक्रारही माझ्यासमोर मागे घेतली. चार वाजून चाळीस मिनिटांनी वेबसाइटचा निरोप आला, दुकान चालू राहील. वहिनीला फोन केला तर ती आधी रडली, आणि मग म्हणाली, “व्हिडिओ बघितला हं मी. तीन वेळा.” मी फोन ठेवून दिला.

माझ्या गाडीत त्याने वहिनीने घरून धाडलेला, आमच्या डब्यातला पंप बसवला. एकटाच, कोणालाही हात लावू न देता. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. किल्ली पुढे केली तेव्हा हात कोपरापर्यंत धुतलेले होते, तरी नखांत काळं राहिलंच होतं. किल्ली घेताना बोटं लागली… मी ती लगेच काढून घेतली नाहीत. राग आलेलाच होता, तरीही.

“माफ केलंत?”

“नाही.”

“कधी कराल?”

“मला कसं माहीत? इतका राग मला आजवर कोणाचा आला नव्हता. उद्या येऊन बघते, किती उरलाय.”

“उद्या रविवार,” तो चाचरत म्हणाला. “गॅरेज बंद असतं.”

मी गाडी सुरू केली. इंजिन कसं गोड चाललं होतं.

“मग उघडा,” मी म्हणाले.