हात लावा, धनी

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मी आणि छबुबाई, असा आमचा कोयता. मी ऊस तोडायचो, ती मोळ्या बांधायची. मोळी डोक्यावर घ्यायची झाली की हाक मारायची, "अवं, हात लावा." माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.

चौसाळ्याचे मोहनराव रेडिओ दुरुस्त करायचे आणि कॅसेट विकायचे. छबुबाई गाते हे कुणीतरी त्यांना सांगितलं, म्हणून एकदा ते टेप घेऊन फडात आले. मोळी बांधता बांधता तिनं स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं. शेवटची ओळ होती, "मोळी झाली जड, धनी लावा हात." मी गाडीवर ऊस रचत होतो. मला वाटलं, खरंच बोलावती. मी ओरडलो, "आलो गं!"

सगळे हसले. मी खाली उतरलो तर मोहनराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बद्रीनाथ. ह्याच्यावरच कॅसेट खपंल."

तसंच झालं. वरातीत, जीपमध्ये, कारखान्याच्या गेटवर तेच गाणं. ती ओळ आली की सगळी माणसं एकदम "आलो गं!" ओरडायची. वडवणीच्या बाजारात बायका छबुबाईला चिडवायच्या, "तुझा धनी अजून पोचला न्हाई का गं?"

उन्हाळ्यात ती तापानं गेली. पुढं पाऊसही झाला नाही. ऊस नव्हता, त्यामुळे कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि दिवाळीनंतर तोडीला कुणीच न गेल्यानं गावं भरलेली राहिली. कारखान्यानं जनावरांसाठी छावणी उघडली. मी आणि माझी मुलगी शिवकन्या बैल घेऊन तिथंच राहिलो.

छबुबाईचा फोटो आमच्याकडे नव्हता. कॅसेट होती. रोज दुपारी मी ती लावायचो. एक दिवस ती ओळ आली आणि पुढं माझा आवाज आला नाही. नुसतं उसाचं वाळकं पाचट वाजत होतं.

मी चौसाळ्याला गेलो. "फीत घासली असंल," मोहनराव म्हणाले आणि त्यांनी पहिली, फडात भरलेली कॅसेट लावली. तिच्यातही मी नव्हतो. पाचट वाजलं. मग छबुबाई पुन्हा म्हणाली, "अवं, हात लावा की."

मोहनरावांनी टेप बंद केला. "म्या भरली तवा एकच हाक होती," ते म्हणाले. मागवलेला चहा आला, पण तो कुणी घेतला नाही.

छावणीत शिवकन्या भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर तिचा हात थांबला.

"दादा, ओ देऊ नका. गेलेल्या माणसाला ओ दिली की ते संगं नेतंय."

"आई हाय ती तुझी."

"म्हणूनच म्हणते. मला आता तुमच्याबिगर कोण हाय?"

मी तिला शब्द दिला. कॅसेट पेटीत ठेवून दिली.

माघात एका दुपारी छावणीच्या भोंग्यावर ते गाणं लागलं. माणसं ओरडायला तयार झाली. शेजारच्या दावणीचा बिभीषण तर टोपी काढून उभा राहिला. ओळ आली. ओरडलं कुणीच नाही.

जनावरांचं रवंथ थांबलं.

"अवं, हात लावा."

तिला दम लागला होता. ओझं मानेवर आलं की तिचा आवाज असाच व्हायचा.

शिवकन्या पळत आली आणि तिनं माझं तोंड हातानं दाबून धरलं.

"बद्रीनाथ."

उखाणा नव्हता. नुसतं नाव.

मी ओठ मिटून घेतले.

भोंग्यातून आवाज आला, "आलो गं."

तो माझा होता.

मग मोळी उचलल्यावरचा तिचा सुस्कारा. मग पाचटावरून लांब जाणारी दोघांची पावलं.

शिवकन्यानं हात काढला. ती रडत होती आणि हसतही होती. "ओ दिली न्हाई ना, दादा?"

"न्हाई गं बाई," मी म्हणालो.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"दादा, बोला की."

मी बोलतच होतो.